त्याला रकाना नाही

७ फेब्रुवारी १९८०. उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा गावच्या बायकांच्या तुरुंगात दुपारच्या जेवणाला चिकन आणि ॲपल पाय होता. तुरुंगात कारण नसताना चांगलंचुंगलं ताटात पडलं की समजावं, काहीतरी शिजतंय. बायका जेवायला जमल्या आणि पुरुष शिपायांची तुकडी आत शिरली. त्यांच्या संघटनेचा, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध हत्यार उचललेल्या आयआरएचा, एक माणूस मेला होता, त्याला मानवंदना देताना या बायकांनी काळे कपडे घातले होते. ते कपडे शोधण्यासाठी कोठड्यांची झडती घ्यायची होती. झटापट झाली, मारहाण झाली, मग सगळ्यांना कोठड्यांत कोंडलं आणि संडासला जायची वाटही बंद केली. कोठडीतली भांडी भरली, सांडली. मग त्यांनी ठरवलं, आता असंच. अंघोळ नाही, कोठडीची सफाई नाही. भिंती त्यांनी स्वतःच्या घाणीने माखल्या. हे वर्षभराहून जास्त चाललं.

मागणी एका ओळीची होती. आम्हाला गुन्हेगार नाही, राजकीय कैदी म्हणा.

ब्रिटिश सरकारने १९७२ मध्ये तिथल्या कैद्यांना एक खास दर्जा दिला होता. स्वतःचे कपडे, तुरुंगातलं सक्तीचं काम नाही, आपल्या लोकांत मिसळायची मुभा. १ मार्च १९७६ नंतरच्या गुन्ह्यांसाठी तो काढून घेतला. त्यानंतर एप्रिलमध्ये हॉटेलात बॉम्ब ठेवल्याबद्दल या बायकांपैकी मरेड फॅरल पकडली गेली आणि तिला १४ वर्षांची शिक्षा झाली. पुरुष कैद्यांनी तुरुंगाचा गणवेश नाकारला आणि नुसती कांबळी गुंडाळून ते बसले. आर्मातल्या बायकांना तर आधीपासूनच स्वतःचे कपडे घालता येत होते, म्हणजे ते हत्यारही त्यांच्या हाती नव्हतं. त्यांनी काम नाकारलं आणि त्यापायी शिक्षेतली सूट घालवली.

मी एका वकिलांकडे टायपिंग करते. वकालतनामा, तारखेचे अर्ज, जामिनाचे कागद असलं दिवसभर चाललेलं असतं. आर्मावरचा एक जुना लेख मोबाइलवर वाचला आणि मग एकातून दुसरं असं वाचतच गेले. सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आमच्या जुन्या शेजारीण अक्का राहतात, त्यांच्याकडे गेले तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. अक्का दारात बसून विड्या वळत होत्या. कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळून दोरा मारायचा, तोंड दुमडायचं. बोलताना त्यांचा हात थांबत नाही, ऐकतानाही नाही. आर्माच्या भिंतींचं सांगितलं तेव्हा मात्र थांबला.

"आणि त्या चार दिवसांत काय करत होत्या गं? फडकी कुठं वाळवत होत्या?"

मी वाचलेल्या पानांपैकी निम्म्यांत हा प्रश्न आलाच नव्हता. तिथल्या पुरुष पुढाऱ्यांनाही तो जाहीर सभेत बोलवेना. नेल मॅककॅफर्टी नावाच्या पत्रकार बाईने १९८० मध्येच आयरिश टाइम्समध्ये तो सरळ मांडला: आर्माच्या भिंतींवर पाळीचं रक्तही आहे, आणि हा बायकांचाच प्रश्न आहे. त्यावरून तिथल्या स्त्रीवादी बायकांत कडाक्याचं भांडण जुंपलं. काहीजणी म्हणाल्या, या बंदुकवाल्यांच्या सैन्यातल्या पोरी, पुरुषांच्या हुकमावर चालणाऱ्या. त्यांचं ओझं आपण का घ्यायचं? मला दोन्हीकडचं पटतं. हॉटेलात बॉम्ब ठेवणाऱ्या बाईला माझ्या मनात मखर नाही. पण तिला शिक्षा १४ वर्षांच्या कैदेची झाली होती, संडास बंद करण्याची नव्हे.

१ डिसेंबर १९८० ला मरेड फॅरल, मेरी डॉइल आणि मरेड न्यूजंट या तिघी उपोषणाला बसल्या. तिकडे पुरुषांचं उपोषण आधीच सुरू होतं. ते १८ डिसेंबरला मोडलं, तिघींचं दुसऱ्या दिवशी. त्यानंतरच्या वर्षी दहा पुरुष उपोषणात मरण पावले, त्यांची नावं जगभर गेली. तिघींची नावं आयर्लंडबाहेर फार कुणाला ठाऊक नाहीत. फॅरल सुटून आली, पुन्हा संघटनेत गेली आणि १९८८ मध्ये जिब्राल्टरला ब्रिटिश सैनिकांनी तिला गोळ्या घातल्या. तेव्हा तिच्याजवळ हत्यार नव्हतं.

ब्रिटिश तुरुंगात या मागणीसाठी अन्न सोडायची ही रीतही मुळात बाईनेच पाडलेली, आणि तीही खुद्द लंडनमध्ये. मॅरियन वॉलेस डनलॉप ही चित्रकार. मताच्या हक्कासाठी लढणाऱ्यांपैकी. पार्लमेंटच्या भिंतीवर हक्कांच्या जुन्या कायद्यातलं वाक्य छापलं म्हणून १९०९ मध्ये तिला महिन्याची कैद झाली. तिने पहिल्या वर्गाची, म्हणजे राजकीय कैद्याची वागणूक मागितली, ती मिळेना म्हणून जेवण बंद केलं. ९१ तासांनी सरकारने तिला सोडून दिलं. काही महिन्यांत मात्र असं सोडून देणं थांबलं; उपोषणाला बसलेल्या बायकांच्या नाकातोंडात नळ्या घालून अन्न ओतायला सुरुवात केली.

त्यांच्यातल्या लेडी कॉन्स्टन्स लिटनचं मला फार अप्रूप वाटतं. मोठ्या घराण्यातली, बाप हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन गेलेला. न्यूकॅसलच्या तुरुंगात तिने अन्न सोडलं तेव्हा डॉक्टरने छाती तपासली, हृदय नाजूक असल्याचं सांगितलं आणि दोन दिवसांत घरी पाठवलं. बाईच्या डोक्यात किडा वळवळला. जानेवारी १९१० मध्ये तिने केस कापले, स्वस्तातला चश्मा लावला, जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई झाली आणि लिव्हरपूलला अटक करून घेतली. हृदय तेच, पण आता ते कुणी तपासलं नाही. नळी घालून आठ वेळा अन्न ओतलं. एकाच बाईला दोन नावांनी दोन तुरुंग भेटले. पुढे तिची तब्येत कायमची गेली.

म्हणजे राजकीय कैदी म्हणून ओळख मागायची ती सरकारकडे, आणि सरकार आधी बघणार तुमचं घराणं. हे इंग्रजांनी आपल्याकडे तर नियमातच लिहून ठेवलं. लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि त्यांचे सोबती राजकीय कैद्यांची वागणूक मागत उपोषणाला बसले, जतीन दास ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबर १९२९ ला गेले. मग सरकारने १९३० मध्ये अ, ब, क असे वर्ग काढले. पण वर्ग कशावरून ठरणार? सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीची सवय. घरी गादीवर निजणाऱ्याला तुरुंगात खाट, घोंगडीवर निजणाऱ्याला घोंगडी. राजकीय हा शब्द सरकारने शिताफीने टाळला. मिठाच्या सत्याग्रहात एकाच दिवशी, एकाच कलमाखाली पकडलेल्या बायका आत गेल्यावर वेगवेगळ्या वर्गात पडू शकत होत्या.

शांती घोष आणि सुनीती चौधरी या कोमिल्लाच्या शाळकरी मुली. १४ डिसेंबर १९३१ ला दोघींनी मिळून मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सला गोळ्या घातल्या. लहान वय म्हणून फाशी टळली, जन्मठेप झाली. गुन्हा एक, शिक्षा एक. आत मात्र शांती दुसऱ्या वर्गात आणि सुनीती तिसऱ्या.

त्यांच्याआधीची ननीबाला देवी. ही बंगालमधली बालविधवा ब्राह्मण बाई. तुरुंगातल्या एका क्रांतिकारकाने पिस्तूल कुठे लपवलंय ते काढून आणायला, कपाळी कुंकू भरून त्याची बायको बनून भेटायला गेली. साल १९१५. गोळी झाडण्यापेक्षा हे अवघड असावं. पुढे पेशावरपर्यंत पोलीस मागावर गेले. काशीच्या तुरुंगात छळ झाला, मग कलकत्त्याला प्रेसिडेन्सी तुरुंगात विनाचौकशी राजबंदी म्हणून ठेवलं. तिने अन्न सोडलं. गोल्डी नावाचा पोलीस अधिकारी म्हणाला, काय केलं म्हणजे जेवाल? ती म्हणाली, मला बागबाजारला शारदामातांकडे ठेवा. त्याने अर्ज लिहायला लावला, आणि लिहिल्यावर तो फाडून टोपलीत टाकला. बाईने सरळ त्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

मला त्या थपडेपेक्षा नंतरचा प्रकार जास्त आवडतो. त्याच तुरुंगात दुकडीबाला देवी होती. घरात मावजर पिस्तुलं लपवली म्हणून सक्तमजुरी, घरी तान्हं मूल टाकून आलेली, तिसऱ्या वर्गाची कैदी, डाळ दळायच्या कामाला जुंपलेली. ननीबाला म्हणाली, मी जेवेन, पण ब्राह्मण बाईच्या हातचंच. आणि स्वयंपाकाला हीच पाहिजे. तुरुंगात जात पाळायचा नियम होताच, त्याच नियमाने तिने दुकडीबालाला जात्यापासून सोडवलं. तुरुंगाच्या नियमपुस्तकांतली जातीवर कामं वाटायची ही रीत सुप्रीम कोर्टाने अखेर ३ ऑक्टोबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. ननीबालाने ती शंभर वर्षांपूर्वी उलटी वापरून घेतली होती. तिची चाल धूर्त होती, पण जातीच्याच जोरावर चालली. दुकडीबाला वेगळ्या जातीची असती तर जातं फिरतच राहिलं असतं. हेही त्या गोष्टीत आहे, वगळून चालणार नाही.

आमच्या सोलापूरला गुन्हेगार आणि हुतात्मा यांतलं अंतर कुणी शिकवायची गरज नाही. मे १९३० मध्ये इथे लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पोलीसही मारले गेले, आणि सरकारने शहरावर मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. कोर्टाच्या कागदावर चौघे खुनी. आता चौकात पुतळे आहेत आणि पहाटेच्या गाडीचं नाव हुतात्मा एक्सप्रेस. आम्ही सहजच म्हणतो, "हुतात्मा चुकली तर इंद्रायणीने ये." ती गाडी रोज त्यांना फाशी दिलं त्याच पुण्याला जाते हे डब्यात जागा धरायच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात येणार?

पण याच शहरात दुसरं एक कुंपण होतं आणि तिथल्या बायकांचा पुतळा नाही. सेटलमेंट. रिक्षावाल्याला आजही तेवढं नाव पुरतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, १९११ च्या कायद्याने तो जाच देशभर पसरवला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड पारधी, कैकाडी, भाट, टकारी अशी कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली. हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, गिरणीत राबायचं आणि पुन्हा तारेच्या आत यायचं. आत बाळंत झालेल्या बाईचं मूलही गुन्हेगारच. तो कायदा देशातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. सेटलमेंटमधली बाई सरकारच्या धोरणाची कैदी होती, तिने दुसरं काही केलेलंच नव्हतं. तिच्याएवढी राजकीय कैदी कोण? पण तिला उपोषणाला बसून दर्जा मागायची सोय नव्हती. तो मागायलाही आधी कुणीतरी तुम्हाला माणूस म्हणून मोजलेलं असावं लागतं.

म्हणून "आम्ही गुन्हेगार नाही" या घोषणेशी माझं पूर्ण जमत नाही. ती खरी असते, तिच्यासाठी लोक मरतात, सगळं मान्य. पण ती देताना बाजूच्या कोठडीकडे बोट जातंच. आम्ही नाही, म्हणजे त्या.

आणीबाणीतली मृणाल गोरे यांची हकिगत मला म्हणून टोचते. भूमिगत राहिलेल्या मृणालताई पकडल्या गेल्या आणि त्यांना अकोल्याच्या तुरुंगात एकटं ठेवलं. एका बाजूला कुष्ठरोगी बाई, दुसऱ्या बाजूला वेड लागलेली बाई. ही गोष्ट सरकारच्या क्रूरपणाचा दाखला म्हणून सांगतात आणि तो क्रूरपणा होताच. पण मृणालताईंना शिक्षा म्हणून जिथे नेलं, तिथे त्या दोघी राहतच होत्या. वेड लागलं एवढ्याच कारणाने माणसाला तुरुंगात डांबणं बेकायदेशीर आहे, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं १९९३ मध्ये, शीला बारसे यांच्या खटल्यात. अकोल्याची ती बाई तोवर सुटली, की तिथेच गेली? मृणालताई सुटल्या, खासदार झाल्या. २०१८ पासून महाराष्ट्र सरकार आणीबाणीतल्या बंदींना मानधन देतं. २०२० मध्ये सरकार बदललं तेव्हा ते बंद झालं, २०२२ मध्ये पुन्हा बदललं तेव्हा पुन्हा सुरू झालं. तुरुंगवास राजकीय होता की नाही, हेही मंत्रालयात कोण बसलंय त्यावर.

कायद्यात हा दर्जा सरळ लिहिलेलं राज्य पश्चिम बंगाल. १९९२ च्या त्यांच्या कायद्यात राजकीय कैदी असा वर्ग होता. २०१२ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने माओवादी म्हणून पकडलेल्यांना तो द्यायला सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी सरकारने कायदा बदलून तो दरवाजा अरुंद केला. तो कुणी खरंच वापरेल असं आधी वाटलं नसावं.

आता अक्कांचं. विडी कामगारांच्या मोर्चांना आणि जेलभरोला अक्का तरुणपणापासून जातात. त्या राहतात ती वसाहतच मुळी असल्या लढ्यातून उभी राहिलेली, दहा हजार घरांची, आणि जिचं नाव तिला दिलंय त्या गोदावरी परुळेकर इंग्रजांच्याही तुरुंगात राहून आल्या आणि स्वतंत्र भारताच्याही. जेलभरोत एरवी काय होतं, तर बायकांना गाडीत घालतात, मैदानात नेऊन बसवतात, नावं लिहून संध्याकाळी सोडतात. बायका डबा घेऊनच निघतात. अशाच एका जेलभरोला आमचे वकील कागदांसाठी गेले होते, मीही सोबत होते. सावलीला टेबल टाकून एक हवालदार नावं लिहीत होते. बिचारे घामाघूम, समोर तीनेकशे बायका, निम्म्या तेलुगूतून बोलणाऱ्या. अक्कांचा नंबर आला.

"नाव?"

"नाव सांगते. पण कशापायी धरलं ते काय लिहिलंय?"

"जमावबंदी मोडली. एकशे पस्तीस."

"मजुरीसाठी आलो ते लिहा की साहेब."

"त्याला रकाना नाही, मावशी."

"मग बाजूला लिहा. एवढी जागा आहे की तिथं."

हवालदारांनी कपाळावर हात मारला. मागच्या बायका हसायला लागल्या, कुणीतरी तेलुगूत काहीतरी बोललं, त्यावर आणखी हसल्या. अक्का हसत नव्हत्या. हवालदारांनी शेवटी बाजूला काही लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही. नंतर कोर्टात आलेल्या कागदात तरी ते नव्हतं. बाकीच्यांना संध्याकाळी सोडलं. पुढे असलेल्या काहीजणींवर मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली खटला भरला आणि अक्का त्यात आरोपी क्रमांक अकरा झाल्या. माझ्याकडे दर तारखेला तो अर्ज टाइप होतो: आरोपी क्र. ११ आज रोजी मे. कोर्टासमोर हजर आहे.

अक्कांची आणि मरेड फॅरलची बरोबरी करायला मी निघालेले नाही. अक्कांनी पोलिसांवर आयुष्यात खडाही मारलेला नाही. पण त्या दोघींनी मागितलं ते एकच: मी काय केलं ते लिहिता, तर कशासाठी केलं तेही लिहा. आणि त्यावरचं सरकारचं उत्तर आर्मापासून सोलापूरपर्यंत त्या हवालदारांचंच आहे.

खरं तर आपल्या सरकारकडे रकाना आहे. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय महाराष्ट्रात अधूनमधून निघतात. जीवितहानी झालेली नसावी, नुकसान ठरावीक रकमेच्या आत असावं, समितीने शिफारस करावी, मग सरकारी वकील कोर्टात अर्ज देतात. म्हणजे गुन्हा आंदोलनातला आहे हे सरकार मानतं. फक्त धरताना नाही, सोडताना. पक्षांच्या कार्यकर्त्यांना याची बित्तंबातमी असते. त्यांचे अर्ज वेळेत जातात, साहेबांच्या पीएचा फोन जातो. अक्कांना मी सांगेपर्यंत असं काही असतं याची कल्पनाच नव्हती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "सगळ्यांचाच घेतात का मागं, का माझा एकटीचा?" मी म्हटलं, एकाच खटल्यातल्या आहात, सगळ्यांचा मिळून अर्ज करता येईल. "मग कर. एकटीचा नको." सेटलमेंटमधल्या एकीचंही नाव त्यात आहे, आरोपी क्रमांक चौदा; ती विडीच्या कारखान्यात अक्कांच्या शेजारी बसते. तिच्या आधारकार्डावरच्या आणि आरोपपत्रावरच्या आडनावात फरक आहे, तेवढं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. पुढची तारीख सोमवारी आहे. सोमवारी कारखान्यात माल जमा करायचा असतो, म्हणून अक्कांनी विचारलंय, वकीलसाहेब मंगळवार मागून घेतील का.